महालक्ष्मीची गोळी

अमरावतीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला आतून चार वेळा रंग देऊन झाला, पण आतले बारके गोल उंचवटे अजून बोटाला लागतात. या भाद्रपदात मी दारामागचा पोळपाट काढायला वाकले, तोल सांभाळायला हात दारावर टेकला आणि ते हाताला लागले. टिकल्या आहेत त्या. आईने चिकटवलेल्या. रंगाऱ्याने खरवडायचे कष्ट घेतले नाहीत, वरून ब्रश फिरवला आणि मोकळा झाला.

या दाराच्या खिळ्यावर पूर्वी कॅलेंडर असायचं. चतुर्थ्या, एकादश्या, गॅसचा नंबर, सगळं त्याच्यावर. शिवाय आमच्या कॅलेंडरला टिकल्या असायच्या. ज्या दिवशी घरातल्या ज्या बाईला कावळा शिवला, त्या तारखेवर तिची टिकली. आईची लाल, काकूची हिरवी आणि पुढे माझी, सगळ्यांत बारकी, काळी. वर्ष संपलं की आई जुन्या पानांवरच्या टिकल्या नखाने अलगद काढायची आणि दारावर लावून ठेवायची, जानेवारीत पुन्हा कामी येतात म्हणून. बाबा, काका, दादा रोज त्याच कॅलेंडरवर तारीख बघायचे. इतक्या वर्षांत त्यांना त्या टिकल्या दिसल्या नाहीत. दिसल्या असतील तर बोलले नाहीत; आमच्याकडे ते एकच.

श्रावण सरला की आई ते कॅलेंडर काढून मांडीवर घ्यायची. समोर पंचांग. महालक्ष्म्या अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात, आणि या तीन दिवसांत घरातली एकही बाई बाहेर बसलेली चालत नाही, कारण कामच तेवढं. सोळा भाज्या, पुरणाच्या पोळ्या, आंबील, कढी, वडे, वर टांगायचा तळलेल्या करंज्या-वेण्यांचा फुलोरा. आई बोटांच्या पेरांवर मोजायची, ओठ हलायचे, आवाज नाही. मग निकाल. “तुले घ्या लागते यंदा,” ती काकूला म्हणायची. काकू मान हलवायची. त्याच्यावर चर्चा झालेली मला आठवत नाही.

आणि मग मला मेडिकलमध्ये धाडायची. राजापेठेत तेव्हा एवढी गर्दी नव्हती. मेडिकलवाले काका म्हातारे, कानावर पेन. गोळीचं नाव मला कधी कोणी शिकवलंच नाही, लागलंही नाही. “महालक्ष्मीची गोळी द्या,” म्हटलं की झालं. ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, “यंदा किती जणी?” भाद्रपद आला की ते ती पाकिटं पुढच्याच बरणीमागे काढून ठेवत. पेपरात पुडी बांधायचे, वर दोरा. त्या पुडीला कापराचा वास असायचा, कारण त्याच हातांनी ते उदबत्ती-कापूरही विकत. मला वाटायचं गोळीचाच वास तो. देवीची गोळी म्हटल्यावर दुसरा कसला असणार?

गोळी कशाची हे मला पुढे कळलं. मी शहाणी झाले तीच मुळी महालक्ष्म्या यायच्या दिवशी, सकाळी. तेरावं वर्ष. आईने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “आजच काहून वं बाई?” जसं काही मी पंचांग बघून ठरवलं होतं. मग मला मागच्या पडवीत पोत्यावर बसवलं. तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची, त्याच्या पलीकडे बैठकीचा एक कोपरा, त्या कोपऱ्यात धाकट्या देवीच्या शालूचा काठ. जेवढी दिसली तेवढी देवी त्या वर्षी माझी.

दरसाल देवी आत येताना ताटली-चमचा मी वाजवायचे. तुळशीपासून उंबरठ्यापर्यंत कुंकवाची पावलं, प्रत्येक पावलाशी थांबायचं, आतून कोणीतरी विचारायचं, कोण आलं, कशाच्या पायानं आलं, काय घेऊन आलं. उत्तरं ठरलेली. सोन्याच्या पायानं आली, लेकीबाळी घेऊन आली. त्या संध्याकाळी ती उत्तरं मी पोत्यावरून ऐकली. ताटली शेजारची सुनी वाजवत होती आणि तिला ताल नव्हता. मला रडू येण्याचं कारण फक्त तेवढंच होतं, आणखी काही नाही. पुरण वाटल्याचा गोड वाफारा खिडकीतून येत होता, केवड्याचा येत होता, भिजल्या ज्वारीचा आंबूस वास येत होता. वासांना कोणी शिवाशिव सांगितली नव्हती, ते बिनदिक्कत माझ्यापर्यंत येत होते.

दादा हात धुवायला मागे आला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. “तू इथी काहून बसली?” त्याने विचारलं. मी काही म्हणायच्या आत आईचा आवाज आला, “डोकं दुखून राहिलं तिचं.” तेव्हापासून दादाच्या लेखी माझं डोकं महिन्यातून चार दिवस दुखायचं. भला माणूस. बी.कॉम.ला असताना त्याने मला स्वतःच्या सायकलवर डबलसीट बसवून चष्म्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने नंबर नाही म्हणून सांगितलं, तर वाटेत मला रसवंतीत रस पाजला आणि म्हणाला, “टेंशन नोको घेऊ, निघून जाते डोकं.” मी तो रस संपवला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यासाठीचे शब्द आमच्या घरात फक्त बायकांजवळ ठेवलेले होते, आणि दादा तर रस पाजत होता.

पुढच्या वर्षी आईने मलाही गोळी दिली. इथे मी खोटं बोलणार नाही. तळहातावर ती पांढरी गोळी आली तेव्हा मला मोठी झाल्यासारखं वाटलं. आई, काकू आणि मी, आम्ही तिघी एका ओळीत उभ्या, तीन पितळी पेले, तीन गोळ्या. काकूने डोळा मारला. त्या वर्षी मी सोळा भाज्यांतल्या चार चिरल्या, फुलोऱ्याची वेणी माझ्या हातची होती, आणि ताटली मीच वाजवली. पोट गच्च व्हायचं, छाती दुखायची, उगाच चिडचिड व्हायची आणि त्यानंतरच्या आठवड्यात जे यायचं ते पाट फुटावा तसं. पण देवीसमोर बसायला मिळालं ना? मग झालं तर. सणासुदीला एवढं तेवढं चालायचंच, असं आई म्हणायची, आणि मी माझ्या तोंडाने तेच मैत्रिणींना सांगायचे.

काकूचं मात्र एकेचाळिसाव्या वर्षीच थांबलं. तिला मूलबाळ नव्हतं. तीन महिने हिरवी टिकली लागली नाही तेव्हा तिने काय काय मनात आणलं असेल ते तिचं तिला ठाऊक. दवाखान्यातून आल्यावर तिने आधी बत्तासे वाटले. “सुटली वं मी,” आईला म्हणाली, “आता कोनी मले बाहेर बसवू शकत नाई. दरसाल देवीची ओटी मीच भरीन.” संध्याकाळी मी कोठीच्या खोलीत दाणे काढायला गेले, तर काकू ज्वारीच्या कोठीला डोकं लावून उभी होती, खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी परत फिरले. दाणे नाहीत म्हणून सांगितलं.

हे सगळं आता नाही. काका-काकू गेले, बाबा गेले, दोन वर्षांपूर्वी आई गेली. घर आहे, त्याला वर एक मजला चढलाय, पुढच्या दोन खोल्यांचे भाडेकरू म्हणजे शिकवणी वर्ग. पोरांच्या गाड्या गेटपासून नालीपर्यंत उभ्या असतात आणि सणाच्या सकाळीही तिकडून त्रिकोणमिती ऐकू येते. पडवी पाडून तिथे बाथरूम झालं. मी अकोल्याला असते, शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा आमच्या सरांनी कायमचा माझ्या गळ्यात मारलाय. मी तो चांगला शिकवते, फळ्यावर आकृती काढून, आवाज न उतरवता. पोरी खाली मान घालून हसतात, मी म्हणते, मान वर करा, यात लाजायचं काय?

श्रावणाच्या शेवटी वहिनीचा फोन आला. आईला ती मायबाई म्हणायची. “ताई, यंदा चार दिवस आधी येजा. मायबाई गेल्यापासून मले एकटीनं उरकत नाई. अन् येताना तिकडूनच ते आणजा. इथी आता म्हाताऱ्याचं पोरगं बसते दुकानात, समोर सारे ट्यूशनचे पोट्टे. मागाले लाज वाटते.” मी अकोल्याला स्टेशनजवळच्या मेडिकलमधून घेतली. कोणासाठी ते वहिनीला विचारलंही नाही. पिशवीत शेवेच्या डब्याशेजारी ठेवली आणि मूर्तिजापूर येईस्तोवर खिडकीतून कपाशी बघत गेले. फुलं लागली होती, पिवळी. जिवाला बरं वाटत होतं. आपल्या घरी, आपल्या देवीला.

गोळी रेणूसाठी होती. रेणू म्हणजे दादाची मुलगी, तेवीस वर्षांची. पहाटे पाचला उठून मैदानावर पळायला जाते. पोलीस भरती. मागच्या भरतीत दोन गुणांनी राहिली. त्यानंतर दादाने घरात जाहीर केलं, “एक डाव अजून. मंग माह्या मनासारखं.” दादाच्या मनासारखं म्हणजे वरूडचं स्थळ. संत्र्याचा मळा, एकुलता मुलगा, घरचे ट्रक. माणसं वाईट नव्हती. मुलाची आईच म्हणाली होती, की वेगळा कार्यक्रम कशाला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला येतो, देवीचं दर्शन होईल आणि मुलगीही दिसेल. आणि भरतीची मैदानी चाचणी आली होती देवी उठवल्यानंतर तिसऱ्या दिवशी.

मी पोचले त्या संध्याकाळी रेणू गच्चीवर पाय ताणत बसली होती. पोरीचे पाय काय सांगू. आमच्या घरात असे पाय कोणाचे नव्हते, चालायला लागायचं तेवढे होते सगळ्यांना.

“आत्या, त्या गोळ्या तू आनल्या?” तिने विचारलं.

“हाव. काहून?”

ती उठून जवळ बसली. आवाज न चढवता तिने मला हिशेब समजावला, जसा मी वर्गात समजावते तसा. तिची तारीख देवी यायच्या दिवसाचीच. गोळी नाही घेतली तर चाचणीच्या दिवसापर्यंत पाचवा दिवस होतो. पाचव्या दिवशी ती छान पळते, तिसऱ्या दिवशीही पळून बघितलंय. पण जेवणाच्या रात्रीपर्यंत गोळी घेऊन सोडली, की दोन-तीन दिवसांनी जे येतं, ते नेमकं मैदानावर. चाचणीपर्यंत घेत राहावी, तर अंग सुजून पाय उचलत नाहीत. “मागच्या साली आली होती ना तशी. दोन दिवस उठता नाही आलं मले. तवा काई परीक्षा नव्हती, झोपून राहिली. आता आठशे मीटर हाय आत्या.” मग म्हणाली, “आई आयकत नाई. मी म्हटलं मी बाहेर बसतो, तं म्हनते पाहुण्यांना काय सांगू, पोरगी कुठी हाय? तू सायन्सची बाई. तुझं आयकते ती.”

“बोलते मी,” मी म्हटलं. तिने माझा हात दाबला. तिला वाटलं, झालं काम.

मला तेव्हा एक उपाय सुचला होता, तो अगदी सोपा होता, आणि तो मी तिला सांगितला नाही. गोळी घेऊ नको, घेतली म्हण, आणि तशीच वावर. कोणाला कळणार होतं? शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले. मुखवटे डोळ्यांपुढे आले, ट्रंकेत कापसात गुंडाळलेले, ते मोठे उघडे डोळे. तीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ते डोळे का दिसले, ते मी कोणत्या आकृतीत दाखवू? मी घाबरले. देवीला घाबरले, का आईला, का तेरा वर्षांच्या मला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आंबीलीची ज्वारी पाखडत होती. मी समोर बसले आणि बोलले. सगळं बोलले. तारखा सांगितल्या. वहिनीचं सूप थांबलं.

“मले समजत नाई काय ताई?” ती म्हणाली. “तिचे पोटरे रोज मी चोळून देते. बूट पाहिजे होते तवा माहेरची अंगठी मोडली, ह्यायले आजपावेतो माहीत नाई. मले काय नोकरी नोको तिची? पन ते लोक ठरवून येऊन राहिले. पोरगी समोर नाई आली तं म्हनतील काई खोट असन. भरतीचं काय सांगता येते? लागली तं लागली. दोन्हीकडून गेली तं मी तिले घेऊन कुठी जाऊ?” तिने सूप पुन्हा हलवलं. “अन् मले तरी कोनं इचारलं होतं? माह्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांत मायबाईनं हातावर ठेवली, मी गिळली.”

“वहिनी, पाहुण्यांना आठ दिवसांनी बोलवा ना मग. दादाला सांगा.”

“काय सांगू?”

“खरं ते.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला भर बाजारात पदर काढायला सांगितला होता. “तुमी सांगा,” ती म्हणाली. “तुमचा भाऊ हाय.”

आणि त्याच वेळी दादा स्वयंपाकघरात आला. देवीचे खेळ असतात की काय न कळे. त्याचं कृषी केंद्र आहे, अंजनगावच्या शेतकऱ्यांची सकाळपासून रीघ असते, या वेळी तो घरात येतच नाही. पाणी प्यायला आला होता. आम्ही दोघी गप्प झालो तसा तोही थांबला. रेणू दारात उभी होती, ओल्या केसांची.

“काय झालं?” त्याने विचारलं. सरळ विचारलं, मायेने विचारलं. पेला हातात धरून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. “काई झालं काय बाई? रेणूचं तोंड काहून उतरलं?”

वहिनीने मान खाली घातली. रेणू माझ्याकडे बघत होती. मी एकावन्न वर्षांची. माझं स्वतःचं थांबून दोन वर्षं झालीत. एक वाक्य बोलायचं होतं, दादा, हिची पाळी आहे त्या दिवशी, पाहुणे पुढे ढकल. दादाने ऐकलंही असतं. कदाचित लाल झाला असता, पेला ठेवून बाहेर गेला असता आणि गच्चीवरून वरूडला फोन लावला असता. मला अजूनही वाटतं की लावला असता.

“काही नाही,” मी म्हटलं. “डोकं दुखून राहिलं तिचं.”

“मंग गोळी देऊन द्या ना,” दादा म्हणाला. पाणी प्याला, पेला पालथा ठेवला आणि गेला.

रेणू वळली. आत गेली, पिशवीतलं पाकीट काढून आणलं, माझ्या आणि वहिनीच्या समोर एक गोळी तोंडात टाकली आणि बिनपाण्याची गिळली.

देवी आल्या. वर्षानुवर्षं येतात तशाच आल्या, त्यांच्यात काही बदल नाही. पत्र्याच्या कोठ्यांवर मुखवटे चढले, मोठीला जांभळा शालू, धाकटीला हिरवा, मध्ये बाळ, पुढे गहू-तांदळाच्या राशी. रेणूच्या हातचा फुलोरा इतका सुबक, की मी माझी जुनी वेणी विसरले. केवडा यंदा महाग म्हणून दोनच पानं आणली होती, तरी घरभर वास होता. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या एका पातेल्यात रटरटत होत्या आणि पुढच्या खोल्यांतून शिकवणीतल्या पोरांचा पाढे म्हटल्यासारखा सूर येत होता. मी डोळे मिटले तर सगळ्या तिथेच होत्या. आई पुरणाचे चटके बसतील म्हणून ओरडत होती, काकू पदर खोचून ओटीचे तांदूळ निवडत होती. मला इतकं सुख वाटलं की माझी मलाच लाज वाटली. असं कसं असतं? ज्याने आपल्याला बाहेर बसवलं, त्याच्याच वासाने जीव असा कसा निवतो? हे कोडं मला सुटलं नाही आणि आता सुटेल असंही वाटत नाही.

वरूडची मंडळी अकराच्या आतच आली. टोपलीभर संत्री. मुलाची आई बोलकी, हसरी, बसल्या जागी पानाभोवतीची रांगोळी वाखाणणारी. रेणूने मोतिया रंगाची साडी नेसली होती. अकरापासून चारपर्यंत ती वाढत होती, वाकून, उठून, पुन्हा वाकून. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, डोळ्यांखाली फुगलं होतं. “पोरगी अंगानं भरेल दिसते,” कोणीतरी कौतुकाने म्हटलं. मी आंबीलीचं भांडं तिच्या हातून घ्यायला गेले, तर तिने दिलं नाही. “राहू दे आत्या,” म्हणाली, “मी करतो सारं.” त्या म्हणण्यात राग नव्हता. राग असता तर मी धरून ठेवला असता.

चाचणीच्या दिवशी मैदानाच्या फाटकापाशी आम्ही दोघी थांबलो, वहिनी आणि मी. आत फक्त उमेदवार. सकाळची सहा-साडेसहाची वेळ, ओलं गवत, चहाच्या गाड्या, छत्र्या घेऊन उभे असलेले बाप, ओढणीत केळी बांधून आणलेल्या आया. कुठून कुठून आल्या होत्या पोरी, छातीवर नंबर लावून, केस घट्ट बांधून. भिंतीच्या जाळीतून मैदानाचं एक वळण दिसत होतं. पोरींचा घोळका त्या वळणावर यायचा आणि जायचा. रेणूच्या घोळक्यात पहिल्या फेरीला ती तिसरी होती. मी वहिनीचा दंड धरला. दुसऱ्या फेरीला मी मोजत गेले, तिसरी, पाचवी, आठवी, आणि ती दिसेना. मग दिसली. एक हात पोटावर होता. पळत होती, थांबली नव्हती. थांबली नाही शेवटपर्यंत, हे मला सांगितलंच पाहिजे.

बाहेर आली तेव्हा जॅकेट कमरेला बांधलेलं होतं. ओठ पांढरे. वहिनीने लिंबाचं पाणी पुढे केलं.

“बावीस सेकंद,” रेणू म्हणाली.

“काय बावीस?”

“माह्या रोजच्या टायमापेक्षा जास्त लागले.” तिने पाणी पिऊन बाटलीचं झाकण नीट लावलं. “गोळाफेक बरी झाली.”

ऑटोत वहिनीने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. तिने ठेवू दिलं. राजापेठेच्या चौकात गर्दीत अडकलो, दोन्ही बाजूंनी शाळेचे पोट्टे गाड्या दामटत होते. दुपारी वहिनी तिच्या पायांना तेल लावत बसली होती. आता कशासाठी, हे मी विचारलं नाही. बहुतेक तिलाही ठाऊक नव्हतं.

यादीत नाव आलं नाही. वरूडचा निरोप मात्र आठवड्यात आला. पसंत. मुलाची आई म्हणाली, की अशी राबणारी, धर्माची पोरगी आजकाल दिसत नाही. पाच तास वाढत होती पण पोरीनं अंग टेकवलं नाही. दादाने हे मला फोनवर सांगितलं. “तू होती म्हनून निभलं बाई,” म्हणाला. मी म्हटलं, माझं काय त्यात? तो हसला. त्याला वाटलं मी विनय दाखवतेय.

रेणूने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. एकदा तरी म्हणाली असती, आत्या, तू का नाही बोललीस? मी उत्तरं तयार ठेवली आहेत, अकोल्याच्या घरात भांडी घासताना ती मी मोठ्याने बोलूनही बघते. पण ती विचारत नाही. व्हॉट्सॲपवर मला सकाळचा नमस्कार पाठवते. पळायला जात नाही. बूट शेजारच्या पोरीला दिले म्हणे, तिला जरा सैल होतात.

दिवाळी झाली आणि परवा पुन्हा वहिनीचा फोन. मुहूर्त काढायला भटजी बसलेत, वरूडकडून विचारणा आली आहे, मुलीच्या तारखा कळवा, म्हणजे त्या सोडून दिवस धरता येईल. “मले बाई तिले इचाराचा धीर होत नाई ताई,” वहिनी म्हणाली. “माह्याशी बोलत नाई ती जास्त. तुमच्यावर जीव हाय तिचा. तुमीच इचारा.”

मी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून रेणूला फोन लावला. तिने लगेच उचलला. मी आधी जेवणाचं विचारलं, मग थंडीचं. मग विचारलं.



“कोनतीही धरा म्हना आत्या,” रेणू म्हणाली. “मी गोळी घेईन.”

घंटा झाली. पोरी वर्गात परतत होत्या. मी वहिनीला फोन लावला आणि सांगितलं, कोणतीही तारीख चालेल म्हणते.